कोळशाच्या गाडीले लोटाभर पाणी

सिंधू : ते राहू दे माय, गाडी कुठं आहे ते सांग आधी. अंगणात चाकांचे वण आहेत, ऑइलचा डाग आहे, अन् गाडीच नाही.

पंचफुला : आधी पाय धू. औरंगाबादहून एस.टी.चा धुरळा खात आली, अन् पिशवी खाली ठेवाच्या आधी गाडी इचारते. माय जिती हाय का मेली, ते नाही इचारलं.

सिंधू : मेलेली बाई भाकर थापत नाही अन् एवढी कावतही नाही. मालकांनी, किसनरावांनी, विकली का गाडी?

पंचफुला : विकली का ठेवली, तेच तं समजून नाही राह्यलं. सकाळी कापसाच्या जीनिंगवरून माणूस आला. म्हने, मालकानं बलावलं, गाडी घेऊन ये. अन् जाता जाता हेही सांगून गेला का मोतीराम भंगारवाला खामगावहून येऊन ओट्यावर बसला हाय. तुहा बाप भाकर टाकून उठला. आता ऊन डोक्यावर आलं. ना बाप, ना गाडी.

सिंधू : म्हणजे काल गाडी मेहकरची चढण चढली नाही. बाबांनी पत्रात लिहिलं होतं ना, कोळशावर खेप नेतो म्हणून.

पंचफुला : चढली.

सिंधू : कोळशावर? भरलेली?

पंचफुला : सरकीच्या पोत्यानं गच्च भरेल. चढली, म्हनूनच तं भेव वाटून राह्यलं. नसती चढली तं एवढं भेव नव्हतं.

सिंधू : हे कोणतं गणित आहे तुझं?

पंचफुला : माहं गणित तुह्या कॉलेजात शिकवत नाहीत. बस अठी चुलीजवळ, मुळापासून सांगते. काल संध्याकाळी आल्यापासून तुह्या बापानं मले एवढ्यांदा सांगतलं का आता मीच स्टेरिंगवर होते असं वाटते.

सिंधू : सांग. पण त्यांच्यासारखं फुगवून नको सांगू.

पंचफुला : फुगवाले माह्यापाशी टाइम नाही, माह्या चुलीवर वरण हाय. तर आयक. अरब लोकाईनं तेल महाग केलं, हे तुले माहीतच हाय. मालकाची ही पोते वाहाची गाडी इंग्रजाच्या लढाईच्या वक्ताची, पेट्रोलवाली. पेते म्हंजे म्हशीवानी पेते. मालक म्हने, ही अवदसा मी दारात ठेवत नाही, मोतीरामाले वजनावर देतो. सरकी बैलगाडीनं जाईन मेहकरले. अन् तुह्या बापाले म्हने, गुलाब, तू काही उपाशी राहनार नाही, पोते उचलाले लाग.

सिंधू : पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हमाली?

पंचफुला : त्याले वाटलं, तो उपकार करून राह्यला. खरंच वाटलं त्याले. मालक लोकाईचं हेच असते, लाथ मारतात तेही पाय दाबल्यासारखे. तुले एक सांगू? तुहा आजा ह्या गावातलं मेलेलं ढोर पायाले दोर बांधून वढत नेत होता. ज्या रस्त्यानं नेत होता, त्याच रस्त्यानं तुहा बाप मोटर हाकते. पाटलाचं पोट्टं हात दाखवते अन् म्हनते, गुलाबभाऊ, मेहकरपावतर येऊ द्या. ती सीट गेली का गुलाबभाऊचा पुन्यांदा गुलाब्या होते. मालकाले तिथं भंगार दिसते. तुह्या बापाची पाठ त्याच भंगारानं सरळ केली.

सिंधू : मग त्यांना त्या जुन्या कोळशाच्या बसचा ढोल आठवला.

पंचफुला : त्याले तो इसरलाच कवा होता? लढाईत पेट्रोल नव्हतं तवा ह्या रस्त्यानं कोळशाच्या बशी चालत. हा तवा मिसरूड न फुटलेला. समोर ड्रायव्हर वरच्या आळीचा, अन् मांगं ढोलापाशी कोळसा टाकाले आमचा माणूस. काळं तोंड झालं तरी आमचं कोनाले दिसत नाही, असा हिशेब. पन ढोलापाशी बसून बसून त्यानं तो ढोल पाहून ठेवला. वरून बाभळीचा कोळसा भरा, खालून पेटवा, खालच्या भोकातून थोडी थोडी हवा जाऊ द्या. कोळसा भडकत नाही, धुमसते. त्यातून गॅस निघते, तो कापसातून गाळून इंजिनात सोडा. झालं पेट्रोल. तसाच ढोल त्यानं आता ह्या गाडीच्या मांगं बसवला.

सिंधू : तो गॅस विषारी असतो, माय. रंग नाही, वास नाही. खिडक्या उघड्या ठेवतात ना? त्यांचं डोकं दुखत होतं का?

पंचफुला : त्याचं डोकं माह्याशी लगन झालं तवापासून दुखते. खिडक्या उघड्याच असतात, काचा फुटून जमाना झाला. पन हे नोको समजू का तुहा बाप लय हुशार. सगळं येते म्हने मले, अन् पयल्याच दिवशी पेटल्या ढोलाचं झाकन उघडून आत डोकावला. भपकन जाळ आला. मिशी गेली. पाहाशीन आता, एका बाजूनं आखूड हाय.

सिंधू : हसू नको ना, मला सांग पुढं.

पंचफुला : तू हसून राह्यली का मी? तं त्यानं मालकाजवळ एक खेप मागतली. डोनगाव ते मेहकर, उकंडरावाच्या तेलाच्या घानीवर सरकी उतरवाची अन् वापस याचं, पेट्रोलचा थेंब न जाळता. जमलं तं गाडी राहीन, नाही जमलं तं त्यानं स्वतःच्या हातानं मोतीरामाच्या दारात नेऊन लावाची. मालक म्हने, मी सोबत येतो, मले डोयानं पाहू दे. अन् मालकाची माय मनकर्णाबाई म्हने, मी बी येते, तिथल्या बालाजीचं दर्शन होईन.

सिंधू : म्हातारी? तुमच्या गाडीत? ती तर बाबांच्या सावलीलाही वळसा घालते.

पंचफुला : समोरच्या सीटवर बसली, मधात गोनपाट घडी करून ठेवलं. त्याच्या धोतराचा वारा लागू नये म्हनून. गोनपाट बाटत नाही म्हनतात.

सिंधू : कुठल्या पोथीत लिहिलंय ते?

पंचफुला : पोथी लिहिनाराईले जे पायजे ते त्याईनं लिहून ठेवलं. तू आयक. निंघाच्या आधी पूजा झाली जीनिंगच्या आवारात. कडूबा क्लीनर तं आधीच पयून गेला होता, म्हने ढोल फुटंन अन् मी मरीन. म्हातारीनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडलं. पोळ्याले बैलाच्या पायावर पानी घालतात ना, तसं चारी चाकावर पानी घातलं. बरं, एवढ्यात भागलं असतं. पन ती ढोलाकडे पाहे अन् म्हने, ह्याचं तोंड कोनतं? मालकानं खालचं हवेचं भोक दाखवलं. आत लाल निखारे. म्हातारी म्हनली, बाप्पा, पोटात एवढी आग घेऊन चालला हा, त्याले पानी नाही पाजलं कोनं? अन् लोट्यात उरलेलं पानी तिनं भोकात वतलं.

सिंधू : आईशपथ.

पंचफुला : फस्सकन आवाज झाला, वाफ निंघाली. तुह्या बापाले वाटलं गेलं सगळं. बोलता येईना, मालकाची माय. मनातल्या मनात म्हनला, माणसाले पाजाचं असते तवा हात आखडते अन् आगीले पाजाले निंघाली.

सिंधू : माय, हे बाबा म्हणाले का तू म्हणतेस?

पंचफुला : तो मनात म्हनला, मी तोंडानं म्हनून राह्यली. फरक काय हाय? जीनिंगच्या टाकीपाशी अजून त्याले वंजळ धरून पेवा लागते. वरून कोनी वतंन तवा.

सिंधू : कायदा झाला त्याला वीस वर्षं होत आली.

पंचफुला : कायद्याले कोनी टाकीपाशी उभा नाही केला. आता महत्त्वाचं आयक. ढोलाच्या नळीले एक बारीक तोटी हाय. गॅस झाला का नाही ते पाहाले तिथं काडी लावतात. जाळ निंघाला का समजाचं, गॅस चांगला. तं पानी पडल्यावर तो जाळ आधी पार बसला, मुंगीएवढा. अन् मंग हळूहळू उठला. पयले होता त्याच्यापेक्षा उंच, हातभर, निळा निळा. त्यानं पाह्यलं, पन त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. म्हनला, आग वाचली, नशीब.

सिंधू : नशीब? मी दिवाळीत ह्याच चुलीपुढं बसून घसा कोरडा करून सांगितलं होतं! लाल कोळशावरून वाफ गेली की पाणी फुटतं. त्यातून हायड्रोजन निघतो. तो जळतो, अन् जोरात जळतो. कोळशाच्या गॅसमध्ये तो मिसळला की इंजिनाला दम येतो.

पंचफुला : अन् तुहा बाप काय म्हनला होता?

सिंधू : म्हणाले होते, पाण्यानं आग विझते हे शेंबड्या लेकराले समजते, तुमच्या कॉलेजात उलटं शिकवतात का. अन् हसले होते. शेजारचे आले होते दिवाळीचे, त्यांच्यासमोर.

पंचफुला : लागलं होतं तुले?

सिंधू : लागलं होतं. सांग पुढं.

पंचफुला : सपाटीवर गाडी झकास चालली. तुहा बाप गानं म्हनत होता म्हने, खरं खोटं तो जाने. मेहकरच्या अलीकडची ती चढन लागली, अन् गाडीचा दम निंघाला. अर्ध्यावर गेली अन् म्हातारा खोकल्यावानी खोकून उभी राह्यली. मालकानं उतरून चाकामांगं गोटे लावले. रेडिएटर उकळत होतं, तुह्या बापानं डब्यातलं सगळं पानी तिथं रिकामं केलं. पुन्यांदा सुरू केली, दोन हात सरकली, पुन्यांदा बंद. मांगून बैलगाड्या येऊन राह्यल्या. गाडीवान इचारतात, काय गुलाबभाऊ, बैल जुपू का?

सिंधू : मोटारीला बैल.

पंचफुला : मालक म्हनला, जुपा. म्हनला, गुलाब, झाली तुही खेप, खाली उतर. तुह्या बापानं मले सांगतलं का त्या टाइमाले त्याचा हात स्टेरिंगवरून निघत नव्हता. म्हने, बोटं लाकडाची झाली. अन् तवा त्याले तो सकाळचा निळा जाळ दिसला. अन् तू दिसली, चुलीपुढं बसेल, हात हालवून हालवून सांगत असलेली.

सिंधू : मी?

पंचफुला : तूच. म्हने, पोट्टी असंच म्हनत होती. पन पानी कुठी? डबा रिकामा. वढा दूर, अन् तोही उन्हाळ्याचा कोरडा. पानी होतं एकाच ठिकानी. म्हातारीच्या मांडीवर. पितळी लोटा, वर केळीचं पान बांधेल. घरच्या विहिरीवर पुन्यांदा भरून घेतला होता, बालाजीच्या पायावर घालाले. डोनगावपासून थेंब सांडू देला नव्हता तिनं. तुहा बाप खाली उतरला, वळसा घालून तिच्या दारापाशी गेला अन् म्हनला, "बाई, तो लोटा द्या."

सिंधू : असं सरळ?

पंचफुला : सरळ. ना मायबाप, ना हात जोडने. मालक मांगून वरडला का डोकं फिरलं काय तुहं, तो देवाचा लोटा हाय. म्हातारीनं त्याले हातानं गप केलं. तुह्या बापाले इचारलं, कायले पायजे? तो म्हनला, "आगीले पाजाले. सकाळी तुमी पाजलं तं ती तुमच्यावर खूश झाली होती."

सिंधू : मग?

पंचफुला : म्हातारी म्हनली, मीच टाकते. हा म्हनला, तसं नाही जमत. एकदम वतलं तं इझून जाईन, गाडी चालू असताना मांगं बसून थेंब थेंब सोडा लागते. म्हातारीले काही समजेना. मंग ह्याले सुचलं. म्हनला, महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात ना बाई, बुडाले भोक असलेलं भांडं, थेंब थेंब पडते, तशी. म्हातारी म्हनली, मंग असं सांग ना रे, अभिषेक करा लागते म्हनून.

सिंधू : अन् दिला लोटा?

पंचफुला : देला. आता आयक, मी त्याले हे दहादा इचारलं. खाली ठेवून नाही देला. हातात देला. त्याच्या हातात. का तिनं इचार करून देला, का चढावर लोटा ठेवाले सपाट जागाच नव्हती, ते मले माहीत नाही. त्यालेही माहीत नाही.

सिंधू : पण थेंब सोडायला मागं कोण बसलं? कडूबा तर पळाला होता.

पंचफुला : कोन बसंन? ड्रायव्हर समोर. म्हातारी चढत नाही. राह्यलं कोन?

सिंधू : नाही.

पंचफुला : हाव.

सिंधू : किसनराव? कोळशाच्या पोत्यावर?

पंचफुला : पांढऱ्या धोतरानं. म्हातारीच म्हनली, किसन, चढ मांगं, मी चढू का आता ह्या वयात? तुह्या बापानं त्याले आधी ढोलाचा हवेचा पंखा हातानं फिरवाले लावला, आग लाल होवापावतर. मंग बोट लोट्याच्या काठाले लावून दाखवलं, असं, एवढंच, घाई नोको. मंग येऊन स्टेरिंगवर बसला. जिथं हा पोट्ट्या वयात बसून कोळसा टाके, तिथं आज मालक. अन् जिथं तो वरच्या आळीचा ड्रायव्हर बसे, तिथं हा. अन् मधातलं गोनपाट धक्क्यानं कवाच खाली पडलं होतं, ते कोनं उचललंच नाही.

सिंधू : अन् गाडी?

पंचफुला : गोटे काढले गाडीवानाईनं. आधी गुरगुरली. मंग त्याले पायाखाली समजलं म्हने, दम भरला म्हनून. पोते घेऊन, मालक घेऊन, म्हातारी घेऊन, घोंगावत वर. मांगून बैलगाडीवाले शिट्ट्या मारत. म्हातारी हर हर महादेव म्हनत होती.

सिंधू : बाबा काय म्हणत होते?

पंचफुला : तो म्हने, मी गेर सांभाळत होतो, म्हनाले टाइम कुठी होता.

सिंधू : मग ह्यात भ्यायचं काय, माय? जिंकले ना.

पंचफुला : तूच सांग, मालकाचं तोंड कसं झालं असंन? ढोलाचा सगळा काळा भुगा अंगावर. दात तेवढे पांढरे. मेहकरात उकंडरावाच्या घानीपुढं गाडी उभी राह्यली. मालक मांगून उतरला. उकंडरावाचा मुनीम नवा, वळखत नाही. म्हने, ए क्लीनर, उभा काय राह्यला, पोते उतरव. अन् तुमचा मालक कुठी हाय?

सिंधू : अगं बाई.

पंचफुला : सगळी घानी हसली. तुहा बापही हसला. हसला, तिथं चुकलं. येतानी मालक सगळ्या रस्त्यानं एक शब्द बोलला नाही. अन् सकाळी निरोप. भंगारवाला ओट्यावर. आता समजलं माहं गणित? गाडी बंद पडली असती तं त्यानं दया केली असती, आनखी एक खेप देली असती. जिंकलेल्या माणसाले माफी नसते ह्या गावात. त्याचं तोंड आपल्यापायी काळं झालं, सिंधू. आपलं तं जल्मभर झालं, त्याची कोनं गिनती नाही केली. पन त्याचं एकदा झालं.

सिंधू : मी जाते जीनिंगवर.

पंचफुला : जाऊन काय करशीन?

सिंधू : सांगते त्यांना. बाभूळ तोडली तरी पुन्हा उगवते, कापसाची पऱ्हाटी दर साली उगवते. अरबांचं तेल उगवत नाही. गाडी मोडणारा वेडा आहे. अन् हे कोळशाचं तर नुसतं सुरुवातीचं आहे. उद्या अशा गाड्या येतील की ज्या निव्वळ ह्या पाण्यातल्या वायूवर चालतील. नळीतून धूर निघणार नाही, नुसती वाफ.

पंचफुला : मंग बरं, त्याच्यावर ढोकळे वाफवत जाऊ मेहकरपावतर. बस खाली. बापाची गाडी मालकाच्या दारात, अन् ही उद्याच्या गाड्या सांगून राह्यली. थांब. आयक.

(बाहेरून हॉर्न, एकदा, मग जरा दमानं दुसऱ्यांदा.)

सिंधू : आपलीच आहे का?

पंचफुला : दुसऱ्या कोनाचा हॉर्न असा घसा बसल्यावानी वाजते? दार उघड. अन् काही इचारू नोको, आधी तोंड पाहू दे मले त्याचं.

गुलाबराव : आली का माही सायन्सवाली! कवाच्या गाडीनं आली? पेपर कसे गेले?

सिंधू : चांगले गेले. तुमची मिशी कुठं गेली?

गुलाबराव : मिशीचं सोड. एकदम फस क्लास हाय काम. पंचफुला, वाढ. तीन माणसाची भूक लागली मले.

पंचफुला : आधी बोला. गाडी कोनाची?

गुलाबराव : मालकाची. पन राहते. मोतीराम रिकाम्या हातानं गेला खामगावले.

पंचफुला : गेला? खरंच गेला? माय वो. मी इकडं सकाळपासून कोरडी भाकर थापून राह्यली.

सिंधू : ते रागावले नव्हते?

गुलाबराव : मीही तेच धरून गेलो होतो. जाऊन पाहतो तं ओट्यावर दरबार भरला. मालक मधात. म्हने, मोतीराम, गाडी बंद पडली, गुलाब घाबरून गेला, मंग माह्या डोक्यात आलं का महादेवावर गळती असते, आपुन तशीच गळती लावू. म्हनलो गुलाब, तू नुसतं स्टेरिंग धर. अन् मी मांगं बसलो. असा हात करून दाखवे. गाडी तठी कायले मंगवली, तं मोतीरामाले दाखवाले, का ह्या किसनरावानं काय केलं पाहा. तोंड काळं झालं तेही सांगे, छाती फुगवून.

सिंधू : त्याच्या डोक्यात आलं? चोर कुठला.

पंचफुला : अन् तुमी गप आयकलं असंन. बैलावानी.

गुलाबराव : थोडा टाइम आयकलं. मनात म्हनलो, घेऊ दे नाव, नावानं गाडी चालत नाही. त्याले युक्ती पायजे, मले सीट पायजे. सौदा खराब नाही. पन तो पानी-पानी करत राह्यला, अन् मले ही दिसे. मंग नाही राहवलं. म्हनलो, "मालक, हे पान्याचं माह्या सिंधूनं दिवाळीत सांगतलं होतं. तवा मी तिले हसलो. आपुन दोघंही उशिरा शिकलो."

पंचफुला : आपुन दोघंही? असं म्हनले?

गुलाबराव : हाव. चारचौघात.

सिंधू : मग?

गुलाबराव : मंग काय, मोतीराम चहाच्या बशीत पाहे. मालक माह्याकडे पाहे. मी म्हनलो, घ्या, गेली सीट. तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, काल तुले थेंब सोडता येत नव्हता रे किसन, त्यानं बोट धरून दाखवलं, मी काय आंधळी हाय? मालक जरा खोकलला. मंग मोतीरामाले म्हने, चहा पे अन् निंघ, गाडी विकाची नाही. बस. एवढंच.

पंचफुला : सिंधूचं काही म्हनला का?

गुलाबराव : उठता उठता म्हनला, पोरगी कितवीले हाय? मी म्हनलो, कितवी संपल्या सगळ्या, आता बी.एस्सी. संपून राह्यली.

सिंधू : बाबा, तुम्ही हसला होता दिवाळीत.

गुलाबराव : हसलो होतो. आता तू हास. मिशी हाय पाह्य, हासाले. अन् हसून झालं का मले सांग, भोक केवढं पाडू? लय मोठं पाडलं तं इझून जाईन, बारीक पाडलं तं चढावर दम भेटनार नाही.

सिंधू : कशाला भोक?

गुलाबराव : गळतीले. रोज रोज मालक कुठून आणू मांगं बसाले? भांडं ढोलावर टांगून देतो कायमचं.

सिंधू : नुसतं भोक नको. तोटी लावू, बारीक. सपाटीवर बंद, चढावर उघडायची. मग मोजता येईल किती पाण्याला किती दम येतो. भांडं कोणतं आहे?

गुलाबराव : हे. पिशवीत हाय, काढ.

पंचफुला : थांबा. हा तं तोच हाय. पितळी. मनकर्णाबाईचा.

गुलाबराव : तोच. मी निंघालो तं तिनं मांगच्या दारी बलावलं अन् देला. म्हने, गुलाब, तुह्या हातात गेला, आता देवघरात चालत नाही. गाडीले चालत असंन तं ने.

पंचफुला : आहा रे. देवाले चालत नाही. चढन चढाले चालला, तिच्या लेकाची इज्जत वाचवाले चालला, अन् देवाले नाही चालत. अन् तुमी घेतला? तिच्या दारात आपटून नाही आले?

गुलाबराव : आपटून काय होते, पोचा पडते. ती खोटं नाही बोलली, पंचफुला. खोटं गोड बोलली असती तं मले जास्त राग आला असता. म्हनलो, बाई, गाडीले चालते. गाडीले सगळं चालते.

पंचफुला : अन् आले मान खाली घालून.

गुलाबराव : नाही. जीनिंगची टाकी तिथंच होती, चार पावलावर. मी गेलो. वंजळ नाही धरली. कोनाले हाक नाही मारली. माह्या हातानं तोटी सोडली, लोटा काठोकाठ भरला, अन् तिच्यासमोर उभा राहून पेलो. तोंड लावून. सगळा.

सिंधू : तिच्यासमोर?

गुलाबराव : तिच्या डोयात पाहून.

पंचफुला : अन् ती? ती काय म्हनली?

गुलाबराव : पाहात राह्यली. मले वाटलं, आता ही गाव गोळा करते.

सिंधू : केला?

गुलाबराव : नाही. म्हनली, सावकाश पे रे. ठसका लागंन.